जुळ्यांच्या रक्तपेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण: नाळेतलं रक्त की टाचेतलं?

पोटात कमी ऑक्सिजनवर वाढलेलं बाळ पहिल्या श्वासासरशी भरपूर ऑक्सिजनात येतं. तांबड्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंचा मारा) पडतो तो इथेच. त्यांचं आयुष्यही मोठ्यांसारखं १२० दिवसांचं नसतं, साधारण ६० ते ९० दिवसांचंच.

हा ताण मोजायला नाळेतलं रक्त भरपूर मिळतं, बाळाला टोचावंही लागत नाही. जुळ्यांत मात्र पहिल्याच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, ही खूण चुकली की तुलनाच गेली. शिवाय हे रक्त जन्माच्या क्षणापर्यंतचंच सांगतं.

पुढच्या दिवसांतला ताण टाचेच्या रक्तात दिसतो. पण चार थेंबांसाठी इवलीशी टाच पिळली की पेशी फुटतात नि मोजमाप बिघडतं. जन्मावेळचा दोघांतला फरकच पाहायचा असेल, तर मी नाळेचंच रक्त घेईन.