मार्शल अटॅकच्या अभ्यासासाठी लिचेस

बुद्धिबळातील रुय लोपेझ या सुरुवातीत आठव्या चालीला डी५ खेळून (म्हणजे प्यादे डी५ या घरात नेऊन) काळा एक प्यादे सोडून देतो आणि बचावाची बाजू एकदम प्रतिहल्ल्याची होते. हा मार्शल अटॅक पाठ न करता समजून घेण्याची इच्छा असणाऱ्यांनी लिचेस या संकेतस्थळावरील ‘ओपनिंग एक्सप्लोरर’ आणि ‘स्टडी’ या दोन सोयी अवश्य वापराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. संकेतस्थळ देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत आणि या सोयींसाठी पैसेही पडत नाहीत.

एक्सप्लोररमध्ये एकेक चाल पुढे सरकवली की त्या स्थितीतून कोण किती डाव जिंकले आणि किती बरोबरीत सुटले, याची पट्टी समोर येते. मास्टर्सच्या, म्हणजे अव्वल खेळाडूंच्या डावांच्या, संग्रहात मार्शलमधील बरोबरीचा भाग चांगलाच मोठा दिसतो, तर सर्वसाधारण खेळाडूंचे ऑनलाइन डाव निवडले की तो आक्रसतो. ही दोन्ही चित्रे पाहिल्यावर लक्षात येते की पांढऱ्याला बचाव करता येतो, पण घड्याळ चालू असताना तो सापडणे कठीण आहे.

मात्र प्यादे का द्यायचे, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी अकराव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती ई५ वरचा घोडा मारतो, तेथे थांबावे आणि इंजिन (स्थितीचे मूल्यमापन करणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून पट नीट पाहावा. पांढऱ्याचा वजिराकडील घोडा, उंट आणि हत्ती अजून घरातच आहेत, आणि बी३ वरचा उंट राजाच्या मदतीला नाही. काळा सी६ खेळून डी५ वरच्या घोड्याला आधार देतो. मग उंट डी६ वर, वजीर एच४ वर येतो आणि पांढऱ्याला जी३ खेळणे भाग पडले की वजीर एच३ वर ठाण मांडतो. जी३ मुळे राजाभोवतीची पांढरी घरे कायमची कमकुवत होतात. त्या एका प्याद्याची खरी किंमत येथे वसूल होते. यानंतर इंजिन सुरू केल्यास प्यादे कमी असूनही मूल्यमापनाचा आकडा शून्याच्या (म्हणजे समसमान स्थितीच्या) आसपास का राहतो, याचा उलगडा होतो.

स्टडीमध्ये, म्हणजे चाली आणि टिपा मांडून ठेवण्याच्या वहीत, चालींची हीच ओळ ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’ म्हणून मांडली तर पुढची चाल झाकलेली राहते आणि ती आपणच शोधावी लागते. शिकवणाऱ्यांसाठी ही सोय विशेष मोलाची आहे.

उणिवाही आहेत. मास्टर्सचा संग्रह १९५२ पासूनचा असल्याने कापाब्लांका या खेळाडूविरुद्धचा १९१८ चा प्रसिद्ध डाव, ज्यात या हल्ल्याला ज्याचे नाव आहे तो फ्रँक मार्शल हरला, तेथे मिळत नाही. तो स्वतः स्टडीत भरावा लागतो, आणि तेव्हाची काळ्याची अकरावी चाल, घोडा एफ६ वर, आजच्या सी६ शेजारी ठेवून पाहण्यासाठी तेवढे कष्ट घ्यावेत. सार्वजनिक स्टडी कोणीही लिहू शकतो, त्यामुळे त्यांचा दर्जा सारखा नसतो.

अभ्यास सुरू करण्यापूर्वी एक्सप्लोररमधील पांढऱ्याच्या आठव्या चालीची यादी जरूर पाहावी. ए४ किंवा एच३ खेळून मार्शल टाळणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांची उत्तरे तयार नसतील तर डी५ खेळण्याची संधी फार थोड्या डावांत येईल.