अपडेटनंतर फीचर गायब: जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन की दुसरंच सॉफ्टवेअर?

सीझन तोंडावर आला की दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. म्युझिकचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, दिसायला चकाचक झालं, आणि ज्या सोयीसाठी आपण ते वापरत होतो नेमकी तीच गेली. आता मागच्या व्हर्जनवर जायचं, नव्याशी जमवून घ्यायचं की सरळ दुसरं सॉफ्टवेअर धरायचं? मी अमळनेरला छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो, अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, हळदीचे ट्रॅक असं काम असतं, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर लॅपटॉपवर बसतो. म्हणजे खोलीतलं निवांत काम आणि मांडवातलं घाईचं काम दोन्ही माझ्याकडे आहे, आणि या दोन कामांची उत्तरं वेगळी येतात हे आधीच सांगून ठेवतो.

मांडवातलं उदाहरण घ्या. आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर ट्रॅक वाजवतो (नाव घेत नाही, उगाच वाद नको) त्यात गाणं चालू असतानाच पट्टी (गाण्याचा सूर) वरखाली करायची दोन बटणं समोरच होती. गायक हळूच मागे वळून म्हणतो, "भाऊ, आज पांढरी चार नाही झेपणार, काळी दोनमध्ये घ्या", की खालचं बटण दोनदा दाबायचं, झालं, पब्लिकला पत्ता पण लागत नाही. नव्या अपडेटमध्ये ती बटणं गेली. सोय आहे म्हणतात, पण मेनूत आत, तिथून पुढच्या खिडकीत, आणि गाणं थांबवूनच करावी लागते. आता पाहुणे नाचायला उठलेत, नवरदेवाचा मामा नोट फिरवतोय आणि तुम्ही गाणं बंद करून मेनू शोधताय, मग जे काय ऐकायला मिळतं ते इथे लिहिता येणार नाही.

तर पहिला विचार मनात येतो की जुनं टाका परत. चांगलाय विचार, पण फीचरच्या आधी फाईल बघा भो. बहुतेक लोक उलटं करतात, काय गेलं काय आलं याची यादी करत बसतात, आणि खरा घोळ फाईलमध्ये असतो. जुन्या व्हर्जनची फाईल नव्यात उघडते, पण नव्यात सेव्ह केलेली जुन्यात सहसा उघडत नाही. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचंच घ्या, २०२१ च्या मार्चमध्ये ३.० आलं तेव्हा प्रोजेक्टचा फॉरमॅटच बदलला, आधी एक छोटी फाईल आणि शेजारी डेटाचं फोल्डर असायचं, ते जाऊन सगळं एकाच एयूपी३ फाईलमध्ये आलं. सोय झाली खरी, कारण ते फोल्डर पेनड्राईव्हवर घ्यायचं विसरणारे आपल्यात कमी नव्हते. पण ही नवी फाईल २.४.२ मध्ये उघडत नाही. नोटेशन लिहायच्या म्युझस्कोअर ४ चं पण तसंच, ३ मधलं नोटेशन ४ मध्ये येतं, ४ मधलं ३ मध्ये न्यायचं तर म्युझिक-एक्सएमएल या सामाईक फॉरमॅटमध्ये करून न्यावं लागतं आणि त्यात मांडणी थोडीफार हलतेच. म्हणजे अपडेट करून महिनाभर काम केलं आणि मग मागे फिरायचं ठरवलं तर तो महिना पलीकडेच अडकला. फिरायचं असेल तर पहिल्या दोन-चार दिवसांतच फिरा, आणि तोवर मूळ प्रोजेक्टवर सेव्ह मारू नका, कॉपी करून कॉपीवरच खेळा.

जुन्यावर राहण्याचे फायदे सगळ्यांना माहीत आहेत. हात बसलेला असतो, डोळे मिटून काम होतं, जुने प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे छोटे प्रोग्राम) चालतात. तोटे मात्र उशिरा कळतात. एक तर लायसन्स. काही कंपन्या जुनं व्हर्जन डाउनलोडला ठेवतात, काहींकडे ते सापडतच नाही, आणि काही ठिकाणी इन्स्टॉल झालं तरी नव्या लॅपटॉपवर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. म्हणून चालतंय तोवरच इन्स्टॉलरची फाईल, सिरियल नंबर आणि प्लगइनचं फोल्डर वेगळ्या ड्राईव्हवर काढून ठेवा. दुसरं म्हणजे खालची विंडोज किंवा मॅक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर ठेवून बसायचं असेल तर तो लॅपटॉप इंटरनेटपासून लांब ठेवा, त्यावर बँकेचं आणि मेलचं काही करू नका. मॅकवाल्यांना तर २०१९ मध्ये चांगलाच दणका बसला होता, कॅटालिना ही मॅकची नवी सिस्टम आली आणि ३२-बिट म्हणजे जुन्या पद्धतीची सगळी सॉफ्टवेअर बंद, सोबत आयट्यून्स हे गाण्यांच्या लायब्ररीचं सॉफ्टवेअर पण गेलं. डीजे लोकांची ट्रॅकटर, सेराटो वगैरे सॉफ्टवेअर आयट्यून्सच्या एक्सएमएल फाईलवरून प्लेलिस्ट उचलायची, नव्या म्युझिक अ‍ॅपमध्ये ती फाईल आपोआप बनणं थांबलं. तेव्हा खुद्द अ‍ॅपलचंच म्हणणं होतं की ज्यांचं काम यावर चालतं त्यांनी सध्या मोहावे या आधीच्या सिस्टमवरच राहावं. कंपनीच असं म्हणत असेल तर जुन्यावर थांबणाऱ्याला मागासलेला म्हणायचं काही कारण नाही.

आता नव्याशी जमवून घ्यायचा रस्ता. यात सगळा भरवसा "परत देतील" यावर असतो, आणि देतात का? कधी देतात, कधी नाही. आयट्यून्स ११ नोव्हेंबर २०१२ मध्ये आलं, त्यात डुप्लिकेट गाणी दाखवायची सोय काढली होती, ती पुढच्याच महिन्यात ११.०.१ मध्ये परत आली. पण कव्हर फ्लो (अल्बमची कव्हरं सरकवत बघणं) आणि आयट्यून्स डीजे (आपोआप गाणी लावणारी यादी) त्याच वेळी गेले ते गेलेच. स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आणलं, त्यात स्लीप टायमर नाही, अलार्म बदलता येईना, लोक इतके भडकले की जुलैत कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली, सोयी एकेक करून महिनोन्महिने परत येत राहिल्या आणि पुढच्या जानेवारीत तो प्रमुख पदावरून गेला. माझा अंदाज असा की जे नव्या बांधणीत वेळेअभावी राहून गेलं ते येतं, आणि जे कंपनीने ठरवून, त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवून काढलं ते येत नाही. आयट्यून्स डीजेच्या जागी 'अप नेक्स्ट' ही पुढच्या गाण्यांची यादी ठेवली होती, तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं. तुमचं फीचर यातलं कुठलं ते रिलीज नोट्स वाचून बऱ्यापैकी कळतं. "लवकरच" असं लिहिलं असेल तर थोडं थांबा, त्याचा उल्लेखच नसेल तर आशा सोडा.

आणि बऱ्याचदा फीचर गेलेलं नसतंच, जागा बदललेली असते. आधी शॉर्टकटच्या यादीत शोधा, तिथे कमांड सापडली की तिला की लावून टाका. आमच्या पट्टीच्या बटणांचं हे जमलं नाही, पण खोलीतल्या सॉफ्टवेअरमध्ये हरवलेल्या निम्म्या गोष्टी अशाच मिळाल्या.

प्लगइनचं दुखणं वेगळंय. जुना ढोलकीचा, हार्मोनियमचा फुकट मिळालेला प्लगइन, बनवणाऱ्याने कधीच सोडून दिलेला, आणि आपल्या निम्म्या गाण्यांत तोच वाजतो. क्युबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्गने जानेवारी २०२२ मध्येच सांगून टाकलं की व्हीएसटी२ या प्लगइनच्या जुन्या फॉरमॅटचा सपोर्ट टप्प्याटप्प्याने बंद करणार, आणि अ‍ॅपल सिलिकॉनच्या (कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर क्युबेस १२ थेट चालवलं तर व्हीएसटी२ दिसतच नाही, रोझेटामधून (जुन्या चिपची सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालवायच्या सोयीतून) उघडावं लागतं. यावर मधले पूल आहेत, जेब्रिज ३२-बिटचा प्लगइन ६४-बिटमध्ये चालवतो, ब्लू कॅटचं पॅचवर्क स्वतः व्हीएसटी३ (नवा फॉरमॅट) म्हणून बसतं आणि पोटात व्हीएसटी२ घेतं. चालतात, पण लाईव्हला मी यांच्यावर विसंबणार नाही, खोलीत ठीक. त्यापेक्षा जुन्या व्हर्जनमध्येच तो ट्रॅक ऑडिओ फाईल करून घ्या, म्हणजे प्लगइन राहो न राहो, वाजणारी ढोलकी हातात राहते.

तिसरा रस्ता, दुसरं सॉफ्टवेअर. रागाच्या भरात सगळे हेच बोलतात आणि फार थोडे करतात. फीचरच्या बाबतीत रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, लहान धंद्यासाठी लायसन्स ६० डॉलरला आहे, जुनी व्हर्जन त्यांच्या साईटवर पडलेली असतात, वेगळ्या फोल्डरमध्ये पोर्टेबल टाकून दोन व्हर्जन शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि विंडोजवर ३२-बिट प्लगइन चालवायचा पूल आतच दिलेला आहे. पण पहिल्यांदा उघडलं की माणूस घाबरतो, सगळं आपणच जुळवायचं. एफएल स्टुडिओ आपल्याकडच्या बीट बनवणाऱ्या पोरांच्या हातात आधीपासून असतंच, एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट, तिथे पैशाचं टेन्शन नाही. फक्त नव्या एफएलमधला प्रोजेक्ट जुन्यात न्यायच्या भानगडीत पडू नका.

सॉफ्टवेअर बदलताना जुनी गाणी कशी न्यायची, इथे खरा घाम निघतो. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या म्युझिक सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणला, क्युबेस १४ पण तो घेतं, त्यामुळे या तिघांत जायचं असेल तर बरंच काही जसंच्या तसं जातं. बाकीच्यांसाठी जुनाच उपाय, प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह ऑडिओ फाईल म्हणून काढायचा, सोबत मिडी (कुठला सूर कधी वाजला याची फाईल) ठेवायची आणि टेम्पो लिहून ठेवायचा. जागा लागते, ४८ किलोहर्ट्झ २४-बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १७ एमबीच्या वर, पाच मिनिटांच्या गाण्याचे २० ट्रॅक धरले तर पावणेदोन जीबीच्या आसपास. एका गाण्याला ठीक, पण शंभर गाणी असतील तर आधी हार्ड डिस्क घ्या मग सॉफ्टवेअर. सगळी गाणी न्यायची गरज पण नसते, ज्यांचे पैसे अजून यायचेत आणि जी पुन्हा मिक्स होऊ शकतात तेवढीच न्या.

मग मी काय ठरवलं? मांडवातला लॅपटॉप जुन्या व्हर्जनवर, नेट बंद, अपडेट बंद, त्यावर दुसरं काहीच नाही. खोलीतलं मशीन नव्यावर, कारण तिथे गाणं दोन मिनिटं थांबलं तर कोणी मारायला येत नाही. सॉफ्टवेअर बदललं नाही, पण रीपर बाजूला टाकून ठेवलंय आणि नवीन छोटी कामं त्यावर करतोय, हात बसला तर पुढच्या वर्षी बघू. एकच लॅपटॉप असलेल्याला मी म्हणेन, दोन्ही व्हर्जन शेजारी बसत असतील तर तसंच ठेवा, म्युझस्कोअर ३ आणि ४ तर आरामात एकत्र राहतात, फक्त प्रोजेक्टची फोल्डरं वेगळी करा. बसत नसतील आणि सीझन चालू असेल तर जुनं. सीझन नसेल, आणि हातात पावसाळा पडलेला असेल, तर नवं टाकून बघायला हरकत नाही, पण आधी अख्ख्या ड्राईव्हची इमेज (हुबेहूब कॉपी) काढून. आणि ज्याला आत्ताच पहिल्यांदा विकत घ्यायचंय त्याने फीचर नंतर बघावीत, आधी कंपनीला एक मेल टाकून विचारावं की जुनी व्हर्जन डाउनलोडला ठेवता का, अ‍ॅक्टिव्हेट होतात का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे जा.

एक राहिलं. विंडोज ११ मध्ये अपडेट पॉज करता येतात ते एका वेळी जास्तीत जास्त पाच आठवडे. आपली लग्नसराई त्याहून लांब असते, तेव्हा मधल्या एखाद्या बिनतिथीच्या दिवशी स्वतःच्या हाताने अपडेट घ्या, सगळे ट्रॅक एकदा वाजवून बघा आणि पुन्हा पॉज करा, नाहीतर ते बरोब्बर वरमाळेच्या वेळी रीस्टार्ट मागतं.