सिडनीची जपानी अल्फार्ड मेलबर्नच्या नंबरवर: आठ महिन्यांनंतर

गाडी: टोयोटा अल्फार्ड, एएनएच२० (२००८ ते २०१५ ची पिढी), २.४ लिटर, ८ सीट. जपानमधून जुनी आयात, न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीचं राज्य) नोंदलेली, आता व्हिक्टोरियाच्या (मेलबर्नचं राज्य) नंबर प्लेटवर. आपल्याकडे एमएचची गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी आरटीओची एनओसी लागते. इथे एनओसी नाही. नव्या राज्यात नोंदणी करायची आणि जुन्या प्लेट परत करायच्या. ऐकायला सोपं आहे, पण आयात गाडीचं काम हमखास अडतं ते तिच्या क्रमांकापाशी.

या गाडीला दोन क्रमांक असतात. जपानी फ्रेम नंबर बॉडीवर ठोकलेला असतो, एएनएच२० (ANH20) ने सुरू होतो आणि १७ अक्षरांपेक्षा लहान असतो. आयातीनंतर लावलेल्या प्लेटवर ६यू९ (6U9) ने सुरू होणारा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो. रेजोच्या (गाडीच्या नोंदणीच्या) कागदावर कधी एक, कधी दोन्ही. सिडनी सोडण्याआधी रेजोचा कागद, आयात प्लेट, बॉडी आणि इंजिन नंबर यांचे फोटो काढून एकेक अक्षर जुळवा. एका अक्षराचा फरक असेल तर तो ज्या राज्यात नोंद आहे तिथेच दुरुस्त करून घेणं सोपं. मेलबर्नला पोहोचल्यावर तोच फरक ओळख पटवण्याच्या तपासणीत समोर येतो आणि भेटीची वेळ वाया जाते. दुसऱ्याकडून गाडी घेत असाल तर पीपीएसआरवर (गाडीवर कर्ज आहे का ते दाखवणारी सरकारी नोंदवही) दोन्ही क्रमांक टाकून शोधा. प्रत्येक शोधाला २ डॉलर. एकाच क्रमांकावर शोधलं तर कर्जाची नोंद निसटू शकते.

अजून एक गोंधळ आरएव्हीचा. जुलै २०२१ पासून आयात गाड्यांची मान्यता आरएव्ही या राष्ट्रीय नोंदवहीत होते, त्याआधी गाडीवर प्लेट लागायची. जुन्या पद्धतीने मान्य झालेली गाडी आरएव्हीत सापडत नाही आणि त्यात काही गैर नाही. तिचा पुरावा म्हणजे ती प्लेट. रंगकाम करताना ती काढू देऊ नका.

मुदत: व्हिक्टोरियात राहायला आल्यापासून ३ महिने. उलट दिशेला, न्यू साउथ वेल्समध्येही ३ महिनेच. क्वीन्सलँडला जाणाऱ्यांनी मात्र सामान उघडायच्या आधी हे काम हाती घ्यावं, तिथे फक्त १४ दिवस मिळतात.

रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचं) ३० दिवस चालतं, म्हणून आधी व्हिकरोड्सची (व्हिक्टोरियाचं गाडी नोंदणी खातं) वेळ घ्या, मग रोडवर्दी. तपासणीत अल्फार्ड नापास होण्याची नेहमीची कारणं साधीच आहेत. टायरवर १.५ मिलिमीटरहून कमी नक्षी, किंवा कमी भार पेलणारा स्वस्त टायर (२१५/६०आर१७ घेताना लोड इंडेक्स दारावरच्या टायर प्लेटशी ताडून बघा). पुढच्या सस्पेन्शन आर्मचे फाटलेले रबरी बुश. पुढच्या बाजूच्या काचांवर ३५ टक्क्यांहून कमी प्रकाश जाऊ देणारी फिल्म. मागच्या सीटसाठीचे चाइल्ड रिस्ट्रेंटचे अँकर आयातीवेळी बसवलेले असतात. कुणी गालिचा बदलताना झाकले असतील तर आधी शोधून मोकळे करा. हेडलाइटची काळजी नको, जपानही डावीकडूनच चालतो.

सीट काढल्या असतील, गाडी खाली बसवली असेल, तर प्रकरण वेगळं. न्यू साउथ वेल्सच्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र आहे म्हणून व्हिक्टोरियात काम होईलच असं धरून चालू नका. व्हीएएसएस (गाडीतले बदल प्रमाणित करण्याची व्हिक्टोरियाची योजना) यादीतल्या इंजिनिअरला जुना कागद आधी दाखवा. माझ्या मते मूळ सीट परत बसवणं हाच स्वस्त मार्ग.

पैशांचं: व्हिक्टोरियाची रेजो महाग वाटते, कारण टीएसीची (राज्याची अपघात भरपाई संस्था) अपघात विम्याची रक्कम तिच्यातच असते. सिडनीत हा विमा, म्हणजे ग्रीन स्लिप, वेगळा घ्यावा लागतो. जुनी रेजो रद्द केल्यावर उरलेल्या दिवसांचा परतावा मागा, आणि ग्रीन स्लिपचा परतावा विमा कंपनीकडून वेगळा मागा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

नंबर प्लेट बसवताना: जपानी खाच ३३० बाय १६५ मिलिमीटरच्या पाटीसाठी असते, इथली साधारण प्लेट ३७२ बाय १३४. ब्रॅकेट लागतो, आणि प्लेटवरचा दिवा अक्षरांवर पडतो का ते रात्री पाहा. टोल खात्यावर नवा नंबर त्याच दिवशी टाका.

आठ महिन्यांच्या वापरात सर्वात मोठा फरक हा की इथे सिडनीसारखी दरवर्षीची पिंक स्लिप (गाडीची सुरक्षा तपासणी) नाही. सोय आहे, पण ब्रेक आणि टायर बघणारं वर्षातून एकदाही कुणी नसतं, ते स्वतः लावून घ्यावं लागतं. रोडवर्दीत इंजिनाची तब्येत तपासत नाहीत, आणि हे २एझेड-एफई इंजिन तेल खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (बदलून देण्यासाठी गाडी परत बोलावणं) तपासताना जपानी टोयोटाच्या साइटवर फ्रेम नंबर टाका. ६यू९ चा क्रमांक तिथे चालत नाही.