तीनशेवीस जीबीचा फोटो

सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपासच्या दहा-बारा अडत्यांचे जमाखर्च मी लिहितो. त्या सगळ्यांना ही हकीकत तोंडी सांगून झाली आहे. तरी परवा त्यांच्यातल्याच एकाचा पुतण्या ‘हार्डडिस्क गेली’ म्हणून पैसे मोजून आला, आणि जुनी डिस्क दुकानातच सोडून आला. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

जानेवारीची १७ तारीख होती. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची मुदत २०. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्राममध्ये, एंट्री मारली की चक्र फिरत बसायचं, मधेच अर्धा-एक मिनिट माऊससुद्धा हलायचा नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरू. दोनदा तर कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कच सापडेना. बंद करून परत लावला की सापडायची. तुम्हाला वाटेल, एवढ्यावरून माणूस घाबरतो का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात तळमजल्यावर होतो. पाणी येणार म्हणता म्हणता आलं, आम्ही माणसं आणि भांडी वर नेली, कॉम्प्युटर खाली राहिला. सहा वर्षांचे हिशेब गाळात गेले. ते वह्यांवरून परत लिहिताना काय झालं ते माझं मला माहीत. तेव्हापासून ‘डेटा’ हा शब्द कुणी जरा गंभीर आवाजात उच्चारला की माझा हात खिशाकडे जातो.

दुकान ओळखीचं, आठ-नऊ वर्षांचं. नाव लिहीत नाही. तिथला पोरगा आला, कॅबिनेटला कान लावला आणि म्हणाला, “काका, डिस्कचंच दुखणं आहे. नेऊन चेक करतो.” मीही दिला नेऊन. स्टिकरचा फोटो नाही, नंबर टिपला नाही, काही नाही. दुकानात पोहोचून अर्धा तास झाला असेल नसेल, फोन आला, “पूर्ण डिस्क टेस्ट केली, बॅड सेक्टर भरलेत, म्हणजे डिस्कवरच्या जागा खराब झाल्यात. कधीही बसेल. डेटा काढायचा असेल तर आत्ताच काढावा लागेल.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. स्क्रीनवर बारीक चौकोनांची जाळी, बरेच हिरवे आणि मधे मधे लाल. लाल चौकोन बघितले आणि मी बाकीचं काही वाचलंच नाही.

नवी १ टीबी डिस्क ३,८००, डेटा रिकव्हरी ४,५००, विंडोज टाकायचे ७००. एकूण ९,०००. बिलाचं विचारलं तर, “पक्कं घेतलं तर जीएसटी लागेल काका, तुम्हाला काय करायचंय?” जीएसटीवर पोट भरणारा माणूस मी, आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घेऊन घरी आलो.

पंधरा दिवस छान गेले. मग परत तेच. चक्र, गोठणं, डिस्क न सापडणं.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. व्हिडिओ कॉलवर त्याला स्क्रीन दाखवली. त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्राम टाकायला सांगितला. फुकट आहे आणि उघडायला दोन सेकंद लागतात. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःची एक वही ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालले, किती वेळा चालू झाले, किती जागा खराब निघाल्या, सगळं ती स्वतःच लिहीत जाते. हा प्रोग्राम ती वही उघडून दाखवतो, एवढंच. डाव्या बाजूला निळ्या चौकोनात ‘गुड’ दिसलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. भाचा म्हणाला, “मामा, ते सोडा. उजवीकडं वर काय लिहिलंय ते वाचा.”

पॉवर ऑन अवर्स, ३१,४१२. पॉवर ऑन काउंट, ९६.

वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी ‘सीलपॅक’ म्हणून घेतलेली माझी डिस्क साडेतीन वर्षांहून जास्त चाललेली होती. सीलपॅक म्हणजे तरी काय, ती चांदीसारखी चमकणारी पिशवी. तिला परत चिकटपट्टी लावायला कितीसा वेळ लागतो? आणि तास एकतीस हजारांच्या वर असून चालू-बंद फक्त ९६ वेळा. दुकानात-घरात वापरलेला कॉम्प्युटर रोज बंद होतो, त्याचा आकडा वर्षातच तीनशेच्या आसपास जातो. एकदा लावला की सरासरी तेरा-चौदा दिवस चालू राहणारं यंत्र कुठलं? भाच्याचा अंदाज, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यातून, काढलेली. निळा ‘गुड’ खोटा नव्हता. चाललेल्या तासांनी तो रंग पिवळा होत नाही, त्याला खराब सेक्टर लागतात. म्हणून नुसता रंग बघून पैसे देऊ नका, तास बघा.

तासही कोरे करून विकणारे असतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असा मोठा प्रकार उघडकीला आला. सीगेटच्या वापरलेल्या डिस्क स्मार्टचे आकडे शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्या कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, तीत खरे तास राहून गेले आणि पंधरा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडे बाहेर आले. आमच्या दुकानदारानं तेवढीही तसदी घेतली नव्हती. आळशी चोर भेटला म्हणायचा. डिस्कचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी कधीपर्यंत ते कळतं. माझी केव्हाच संपली होती.

पण मूळ दुखणं काय होतं? खालच्या तक्त्यात ०५, सी५, सी६ अशा ओळी असतात. दगावलेल्या, दगावू घातलेल्या आणि वाचताच न आलेल्या सेक्टरांचा हिशेब तिथे असतो. तिन्हींत शून्य. मात्र सी७ च्या पुढे, शून्यांच्या रांगेच्या शेवटी, ‘३ई’ असं काहीतरी. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत दिसतात, आपल्याला कळत नाहीत. भाच्यानं सेटिंगमधून दशमान करायला लावलं तेव्हा ३ई चे ६२ झाले. मग दोन-तीन जीबीची एक फाइल इकडून तिकडे कॉपी करायला लावली. परत बघितलं तर ७१.

“मामा, डिस्कमध्ये काही नाही. वायर बघा.”

सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड (कॉम्प्युटरची मुख्य पट्टी) यांच्या वाटेवर डेटा किती वेळा बिघडला त्याचा आकडा. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा त्या दोघांना जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. कॅबिनेट उघडलं. आमच्या यार्डात हळदीची पूड कुठे पोहोचत नाही? आत सगळं पिवळं. दिवाळीत मीच ब्लोअरनं साफ केलं होतं, तेव्हा केबल ओढली गेली असणार. तिच्या टोकाला धरून ठेवणारी पत्र्याची चापही नव्हती. डिस्क बदलताना पोरानं तीच केबल पुन्हा घट्ट बसवली, म्हणून पंधरा दिवस बरे गेले. चापवाली केबल १२० रुपयांना मिळाली. आकडा ७१ वर थांबला. तो कमी कधीच होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

आता तो फोटो. भाच्याला पाठवला, त्यानं बोटांनी मोठा केला आणि विचारलं, “तुमची जुनी डिस्क कितीची होती?” ५०० जीबीची. पूर ओसरल्यावर घेतलेल्या कॉम्प्युटरचं बिल माझ्याकडे फाइलला आहे. फोटोत चौकोनांच्या वर, मॉडेल नंबरापुढे कंसात, ३२० जीबी. दुसऱ्याच कुणाच्या तरी मेलेल्या डिस्कचा फोटो मला दाखवला होता! कोण जाणे किती जणांना तोच गेला असेल. आणि अर्ध्या तासात ‘पूर्ण’ टेस्ट होत नाही हेही मला तेव्हाच कळलं. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वेगानं वाचत गेलं तरी सव्वा तासाच्या वर लागतो. क्विक स्कॅन दोन मिनिटांत होतो, पण तो वरवरचा.

रात्री झोप लागेना ती वेगळ्याच कारणानं. ९,००० गेले ते गेले. पण त्या जुन्या डिस्कवर बारा व्यापाऱ्यांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं आणि जीएसटीचे पासवर्ड होते. पासवर्ड मी नोटपॅडमध्ये लिहून ठेवलेले, तेही ‘पासवर्ड’ याच नावाच्या फाइलमध्ये. हसा. मीही आता हसतो. सकाळी उठून पहिल्यांदा सगळे पासवर्ड बदलले आणि मग दुकान गाठलं.

मालकाला फोटो दाखवला आणि विचारलं, “हे ३२० कुठलं?” तो बघत राहिला. मग, “पोरानं चुकून दुसरा पाठवला असंल काका.” नव्या डिस्कचे तास दाखवले तर, “आम्हाला वरूनच असा माल येतो.” हे दुसरं खरं असू शकतं, त्यालाही कुणी टोपी घातली असेल. पहिल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. वाद न घालता म्हटलं, आधी माझी डिस्क द्या. “ती भंगारात गेली.” मी स्टूल ओढून बसलो. गिऱ्हाइकं येत-जात होती. वीस मिनिटांनी त्यानं काउंटरखालचा ड्रॉवर ओढला. आत सात-आठ डिस्क, प्रत्येकीवर कागदी टेपचा तुकडा. एकीवर पेननं लिहिलेलं, ‘हळदवाले काका’.

रिकव्हरीचे ४,५०० परत मिळाले, तेही दोन हप्त्यांत. डिस्कचे मिळाले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दाखवणार काय? पेन्सिलीची चिठ्ठी? तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना सीरियल नंबर. अठरा टक्के वाचवायला गेलो ते असे महागात पडले.

कॅबिनेट दुकानात द्यायची वेळ आलीच तर त्याआधी हा प्रोग्राम उघडा आणि मोबाइलनं स्क्रीनचा एक फोटो काढा. मॉडेल, सीरियल नंबर, तास आणि ती ०५, सी५, सी६, सी७ ची ओळ एकाच फोटोत येते. डिस्क खरंच बदलली तर जुनी हातात घेऊनच पायरी उतरा. आणि सी५ चा आकडा खरोखर वाढत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्कतपासणी) वगैरेच्या फंदात पडू नका, आधी कामाच्या फाइली दुसरीकडे काढा. हे भाच्यानं मला तीनदा बजावलंय. मरायला टेकलेल्या डिस्कला असल्या तपासण्या जास्त दमवतात.

जुनी ५०० जीबी परत बसवली. रात्री लाँग टेस्ट लावून झोपलो, सकाळी पास झालेली. साडेबारा हजार तास, एकही सेक्टर खराब नाही. सी७ मात्र ४१६, तो सगळा जुन्या केबलचा. दुकानाची १ टीबी बॅकअपलासुद्धा नको वाटते, खणात पडून आहे. सकाळी उदबत्ती लावून झाली की कॉम्प्युटर सुरू करतो आणि टॅलीच्या आधी ती ओळ उघडतो. बायको म्हणते, बीपी बघतात तसं काय बघता रोज? काल बघितलं, ४१६. आजही ४१६च.