ऐरोलीतल्या मैदानावरची सकाळची बॅच

धाकटीला ८०० मीटर पळायचंय, म्हणून दिवाळीपासून तिला ऐरोलीतल्या एका छोट्या खासगी विद्यापीठाच्या मैदानावर नेतेय. बाहेरच्या मुलांसाठी सकाळी सहा ते साडेसात बॅच असते.

सर आधी वेग नाही, ट्रॅक शिकवतात. पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची, आठवीची जवळपास ४५३. म्हणून ८०० ला सगळ्या एका रेषेत उभ्या राहत नाहीत आणि पहिलं वळण संपेपर्यंत लेन सोडायची नाही. लेकीने हे मला घरी पोळपाटावर पिठात रेघा ओढून समजावलं.

मला सगळ्यात भावली ती जिन्यातली भिंत. विद्यापीठाच्या जुन्या खेळाडूंचे फोटो, खाली शाईने लिहिलेल्या वेळा. शेजारीच माण तालुक्यातली ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी. आणि बीडचा अविनाश साबळे, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत ८:११.२० मिनिटांत रौप्य. दोघंही दुष्काळी गावांतली. दर शनिवारी सर एका फोटोपुढे पोरांना उभं करून त्याची हकिकत सांगतात. पोरं चिडीचूप ऐकतात.

पण मुलींच्या चेंजिंग रूमला सकाळी कुलूप असतं. तीनदा सांगून झालं. मुलींनी घामेजल्या कपड्यांतच शाळेची बस पकडायची, हे मला अजिबात पटत नाही.

मुलांना या बॅचला घालणार असाल तर स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले पळायचे बूट, लगेच घेऊ नका. सर सांगतील तेव्हाच घ्या.