कोमोडो की राजा अंपात? पन्नास डाइव्हनंतरचा प्रश्न

कोमोडो आणि राजा अंपात ही इंडोनेशियातली स्कूबा डायव्हिंगची दोन नावाजलेली ठिकाणं. दोन्हीकडे जाण्याइतकी सुट्टी आणि पैसा असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड (पुढच्या पातळीचं डायव्हिंग प्रमाणपत्र) आहे, लॉगबुकात पन्नासेक डाइव्ह आहेत आणि इंडोनेशियाची एकच सहल पदरात पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लोक वाद घालतात तो प्रवाळ कुठे जास्त सुंदर, यावरून. तो वाद राजा अंपात सहज जिंकतं. जगातल्या कठीण प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तिथे सापडतात. मत्स्यतज्ज्ञ गेरी अ‍ॅलन यांनी २०१२ साली तिथल्या केप क्री इथे एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या होत्या. पण निवड यावरून करू नका. पाणी ओढायला लागलं की तुमचा श्वास कसा चालतो, त्यावरून करा.

कोमोडोत पाणी ओढतंच. पॅसिफिकची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित वर असते, त्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून पाणी सतत दक्षिणेकडे सरकत असतं. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्यामधली कोमोडोची सामुद्रधुनी ही त्यातलीच एक फट. त्यात भरती-ओहोटी मिसळली की शांत दिसणारं पाणी अर्ध्या तासात नदीसारखं वाहायला लागतं.

कोमोडोतल्या बातू बोलोंगचंच घ्या. पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढलेला खडक, खाली सरळ उतरत गेलेली भिंत. प्रवाह खडकावर आपटून दोन बाजूंनी फुटतो आणि मागे शांत पाण्याची एक आडोशाची पट्टी राहते. अख्खी डाइव्ह त्या पट्टीत नागमोडी वर चढत करायची. मासे आणि प्रवाळ इतके दाट की कडेला जाऊन जरा पुढे डोकावायचा मोह होतो, आणि फसगत तिथेच होते. कडेला पाणी खाली ओढतं. आपले बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे किंवा खाली जाताना दिसले, की समजायचं. अशा वेळी वर जाण्यासाठी धडपडू नका. खडक हाताशी असेल तर धरा, नाहीतर भिंतीपासून आडवे लांब पोहा. बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जॅकेटात) हवा भरावी लागली, तर ओढ सुटताच ती सोडायलाही तेवढीच तयारी ठेवा. खालून सुटका झाली आणि वर बुचासारखे उसळलो, तर उपयोग काय!

कॅसल रॉक या कोमोडोतल्याच दुसऱ्या ठिकाणी तर पाण्यात पडल्याक्षणी खाली जावं लागतं. बीसीडी आधीच रिकामी करून उडी मारायची. पृष्ठभागावर मास्क पुसत बसलात की खडक मागे गेलाच. खाली प्रवाहाच्या तोंडाशी मृत खडकात रीफ हुक (दोरीला बांधलेला आकडा) अडकवून लटकायचं आणि समोरून शार्क, ट्रेव्हॅलीसारखे मोठे मासे जाताना बघायचे. हा खेळ बऱ्याचदा २०-३० मीटरवर चालतो. ३० मीटरवर साध्या हवेत नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तो वेळ) टेबलानुसार जेमतेम २० मिनिटं मिळतो, म्हणून ३२ टक्के नायट्रॉक्सचा (३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स आधीच करून जा. त्याची खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर, हे मात्र विसरू नका.

राजा अंपातला करंट नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दाम्पिएर सामुद्रधुनीतल्या केप क्री आणि ब्लू मॅजिकवर तो चांगलाच असतो. फरक इतकाच, की पर्याय जास्त आहेत. सकाळी जोरदार पाणी झेपलं नाही, तर दुपारी जेटीखाली किंवा एखाद्या सौम्य उतारावर तासभर रमता येतं. समुद्री पंख्यावर दोन सेंटिमीटरचा पिग्मी समुद्रघोडा शोधणं, दगडासारखा पडलेला वोबेगाँग शार्क ओळखणं, रात्री पंखांवर चालणारा शार्क पाहणं. हे सगळं संथपणाचं बक्षीस आहे. दक्षिणेकडच्या मिसूल बेटाचे मऊ प्रवाळ तर हळू गेल्याशिवाय दिसतच नाहीत.

पाणी राजा अंपातला उबदार, २७ ते ३० अंश. कोमोडोच्या उत्तरेला जवळपास तसंच, पण दक्षिणेला खोलातलं थंड पाणी वर येतं आणि पारा विशीच्या सुरुवातीला उतरतो. ३ मिलिमीटरचा वेटसूट तिथे पुरत नाही. हंगाम उलटे: कोमोडो साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, राजा अंपात ऑक्टोबर ते एप्रिल. पोहोचायला कोमोडो सोपं. बालीहून लाबुआन बाजोला तासाभराचं विमान, आणि रोज बोटीने जाऊन संध्याकाळी परतही येता येतं. राजा अंपातला आधी सोरोंग शहर, मग फेरी, मग पुन्हा बोट.

तारखा ठरवताना मात्र हंगामाइतकीच तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी. कोमोडो पहिल्यांदाच करत असाल, तर पहिले दोन दिवस भांगाचे पडतील असं बसवा. पण अगदीच साचलेल्या पाण्यात मोठे मासे पांगतात, म्हणून शेवटचे दिवस उधाणाकडे झुकलेले चांगले.

माझा कौल विचाराल, तर कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने राजा अंपात निवडावं. ज्याला करंटमध्ये शिकायचंय आणि टँक पन्नास मिनिटं पुरतो, त्याने कोमोडो. तीस मिनिटांत टँक संपत असेल, तर कोमोडो एक वर्ष लांबवा. बोटीवर जाण्याआधी एसएमबी (पृष्ठभागावर सोडायचा खुणेचा फुगा) पाण्यात लटकत, एका हाताने दहा वेळा सोडून पाहा. तिथे तो पहिल्याच फटक्यात वर जायला हवा.