शॉर्टफिल्म कुठे टाकायची, गाणं कुठे?

एडिट लॉक झालं की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "टाकूया ना यूट्यूबला लगेच!" गाणं असेल तर खुशाल टाका. शॉर्टफिल्म असेल तर जरा दमानं. एकदा सगळ्यांना दाखवलेली फिल्म पुन्हा 'न दाखवलेली' होत नाही आणि बऱ्याच फेस्टिव्हलना आधीच नेटवर आलेली फिल्म चालत नाही. ऑस्करच्या लघुपट विभागातही पात्र ठरण्याआधी फिल्म नेटवर जाहीरपणे दाखवलेली असेल तर ती बाद होते. आपला काय संबंध, असं म्हणू नका. बंगळुरूचा शॉर्टफिल्म फेस्टिव्हल ऑस्करची पात्रता देणाऱ्यांपैकी आहे आणि तिथे मराठी पोरंही फिल्म पाठवू शकतात.

म्हणून फेस्टिव्हलच्या फेऱ्या संपेपर्यंत फिल्मची जागा व्हिमिओ, म्हणजे यूट्यूबसारखीच पण पासवर्ड लावता येणारी व्हिडिओ साइट. फिल्मफ्रीवेवर (फेस्टिव्हलना फिल्म पाठवायची साइट) फॉर्म भरताना लिंक आणि पासवर्ड दिला की काम झालं. यूट्यूबच्या 'अनलिस्टेड'ला पासवर्डच नसतो, लिंक ज्याच्या हाती लागली तो बघतो. तिथल्या 'प्रायव्हेट'साठी बघणाऱ्याचा ईमेल आधी माहीत लागतो. आता ज्युरीचा ईमेल आपल्याला कोण देणार?

व्हिमिओची दुसरी सोय मी ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या एका फिल्मच्या शेवटच्या पाट्यांमध्ये ध्वनिमुद्रकाचं आडनाव चुकलं होतं. चूक माझीच, पाट्या मी टाइप केल्या होत्या. फिल्म यूट्यूबवर टाकल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तोवर नातेवाइकांनी ती गावभर पाठवलेली. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही. एखादा भाग कापता येतो, धूसर करता येतो, बस्स. व्हिडिओ काढून नव्याने टाकला. व्ह्यूज शून्यावर, कॉमेंट्स गेल्या, व्हॉट्सअॅपवरच्या सगळ्या लिंक मेल्या. व्हिमिओवर तीच लिंक ठेवून आतली फाइल बदलता येते. तेव्हापासून पाट्या दोन जणांकडून वाचून घेतो.

चित्राच्या बाबतीत फरक दिसतो तो अंधारात. कंदिलाच्या उजेडातला सीन फुल एचडीत यूट्यूबवर चढवून बघा, मागच्या भिंतीवर चौकटी आणि पट्टे उमटतात. यावर एडिटर लोकांचा जुना उपाय आहे: फिल्म फुल एचडीत शूट केली असली तरी एक्सपोर्ट फोर-केमध्ये करायची. मोठ्या फाइलला यूट्यूब चांगला कोडेक (फाइल दाबून लहान करायची पद्धत) आणि जास्त बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) देतं, त्यामुळे तोच सीन बराच सुधारतो. व्हिमिओवर ही कसरत सहसा लागत नाही आणि प्लेअरमध्ये जाहिरातही येत नाही. यूट्यूबवर तुमचं चॅनल मॉनेटाइझ नसलं तरी २०२० पासून जाहिरात लागू शकते. तिचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मग व्हिमिओतच कायम का राहू नये? कारण तिथे आपला प्रेक्षक नाही. 'स्टाफ पिक'चा, म्हणजे व्हिमिओच्याच लोकांनी निवडल्याचा शिक्का मिळाला तर जगभरचे फिल्मवाले बघतात, पण सांगलीची मावशी व्हिमिओ उघडत नाही. नीट वापरायचं तर प्लॅन विकत घ्यावा लागतो. त्यांच्या 'ऑन डिमांड' (पैसे घेऊन फिल्म दाखवायच्या) सोयीत व्यवहारखर्च वजा जाता ९० टक्के वाटा निर्मात्याचा. आकडा छान आहे, पण पंधरा मिनिटांच्या मराठी फिल्मसाठी कार्डाचा नंबर टाकणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या फोनमधल्या नावांवरून ताडावं. शिवाय २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने व्हिमिओ १.३८ अब्ज डॉलरला विकत घेतलं. मालक बदलला की प्लॅन आणि नियम बदलू शकतात. डिसेंबर २०१४ मध्ये तर सरकारी आदेशाने भारतात व्हिमिओ काही दिवस बंदच होतं. तेव्हा मास्टर फाइल दोन हार्डडिस्कवर हवीच.

यूट्यूबच्या पैशाचंही गणित मांडून बघा. जाहिरातीचा वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० वॉच अवर्स लागतात (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). पंधरा मिनिटांची फिल्म १६,००० वेळा पूर्ण बघितली गेली तर ४,००० तास भरतात. लोक सरासरी पाचच मिनिटं थांबले तर ४८,००० व्ह्यूज लागतील. तिथून पुढे जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपला. दोन वर्षांत एक फिल्म करणाऱ्याने यावर भाडं भरायची स्वप्नं बघू नयेत. दर पंधरवड्याला काहीतरी टाकणाऱ्याचं गणित वेगळं. भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या चॅनलने २०१६ पासून मराठीत तो रस्ता दाखवलाच आहे.

गाण्याला फेस्टिव्हलची अडचण नाही, म्हणून व्हिडिओ सरळ यूट्यूबवर आणि ऑडिओ डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणं अॅप्सवर पोचवणारी कंपनी) स्पॉटिफाय, जिओसावनवर. इथली डोकेदुखी कंटेंट आयडीची, म्हणजे नोंदवलेलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेची. साउंड लायब्ररीतून घेतलेला ढोलकीचा लूप (तयार तुकडा) आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो. त्यातल्या एकाने त्याचं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलं की क्लेम तुमच्यावर. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, ते ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. लूपच्या परवान्याची पावती जपा आणि असं गाणं स्वतःही नोंदवू नका. अस्सल वाजवून घेतलं असेल तर जरूर नोंदवा, फक्त डिस्ट्रिब्युटरला सांगून आपलं चॅनल आधी वगळून घ्या, नाहीतर स्वतःच्याच गाण्यावर क्लेम येतो.

आणि "तुकोबांचा अभंग आहे, त्यावर कोणाचा हक्क?" हा भ्रम सोडा. शब्द सर्वांचे, पण कुणी बांधलेली चाल त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्कात असते. नवी चाल बांधा किंवा परवानगी घ्या.

इन्स्टाग्रामची रील छोट्या तुकड्यांसाठी. मुखडा किंवा ट्रेलर टाकायला उत्तम, अख्खी फिल्म उभी कापून टाकायला नव्हे. ओटीटीकडून विचारणा झालीच तर करारात मुदत, प्रदेश आणि 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द शोधा. तो शब्द असेल तर यूट्यूबचा बेत तेवढ्या मुदतीपुरता विसरा.

एक शेवटचं, कारण ते कुणी सांगत नाही. मराठी गाणं न्यू जर्सीत आणि बे एरियात वाजतं. यूट्यूबवर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. अॅडसेन्समध्ये (जिथून यूट्यूबचे पैसे येतात ते गूगलचं खातं) कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर ती कपात १५ टक्के, तीही फक्त अमेरिकेतल्या कमाईवर. फॉर्मच भरला नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. पॅनकार्ड शेजारी ठेवून बसलात तर पंधरा मिनिटांचं काम आहे.